‘केलं असतं’ फ्रेंचमध्ये कसं म्हणायचं? कोंदिसियोनेल पासे, मराठीच्या वाटेने

‘आधी सांगितलं असतंस तर थांबले असते.’ ‘पाचची गाडी मिळाली असती तर जेवायला घरी असतो.’ अशी वाक्यं आपण उठताबसता बोलतो. शाळेच्या व्याकरणात त्याला संकेतार्थ म्हणत. फ्रेंचमध्ये याच कामाचं रूप म्हणजे कोंदिसियोनेल पासे. बी१ (मधली पातळी) ओलांडून बी२ (तिच्या वरची) कडे निघालेली मंडळी इथे हमखास अडखळतात. माझ्या मते दोष फ्रेंचचा नाही, आपण हे रूप इंग्रजीतल्या ‘वुड हॅव डन’वरून शिकतो त्याचा आहे. मराठीवरून शिकलं तर निम्मं काम आधीच झालेलं असतं. मराठी दगा देते ती एकाच ठिकाणी, पण तिथे चांगलाच देते. ते पुढे येईलच.

उच्चारांबद्दल एवढंच: इथे ‘झ’ लिहिलाय तो ‘टेलिव्हिजन’मधल्या ‘ज’सारखा वाचा. ‘स्यू’, ‘व्ह्यू’मधला ‘यू’ काढताना ‘ई’ म्हणत म्हणत ओठ शिट्टी वाजवल्यासारखे गोल करायचे.

पायरी १: ‘असतं’ शोधा

‘केलं असतं’मध्ये दोन तुकडे आहेत, ‘केलं’ आणि ‘असतं’. फ्रेंचमध्येही दोनच, फक्त क्रम उलटा: आधी ‘असतं’, मग ‘केलं’. या ‘असतं’साठी दोन सहायक क्रियापदं आहेत, आव्ह्वार (जवळ असणे) आणि एत्र (असणे). त्यांची रूपं एकदा पाठ करावीच लागतात, त्याला इलाज नाही.

आव्ह्वार: झोरे, त्यू ओरे, इल ओरे, नू-जोरियों, वू-जोरिये, इल-जोरे.

एत्र: झ सरे, त्यू सरे, इल सरे, नू सरियों, वू सरिये, इल सरे.

कानाला यातली चार-चार रूपं सारखीच लागतात. फरक लिहिताना. ‘मी’ आणि ‘तू’च्या शेवटी ए-आय-एस, ‘तो/ती’च्या शेवटी ए-आय-टी, ‘आम्ही’ला आय-ओ-एन-एस, ‘तुम्ही’ला आय-ई-झेड आणि ‘ते/त्या’ला ए-आय-ई-एन-टी. अपूर्ण भूतकाळ शिकला असाल तर हे प्रत्यय ओळखीचे वाटतील. ते तेच आहेत, फक्त भविष्यकाळाच्या धातूला लागले आहेत.

या नात्यामुळेच एक खोडी होते. ‘झोरे फिनी’ लिहिताना ‘झोरे’च्या शेवटचा एस राहिला, की वाक्य भविष्यात उडी मारतं. एस असेल तर ‘माझं संपलं असतं’, नसेल तर ‘माझं संपलेलं असेल’. बोलताना बरेच फ्रेंच लोकही दोन्हींचा उच्चार सारखाच करतात, त्यामुळे कानावर विसंबून लिहू नका. मनात मराठी वाक्य म्हणा. ‘असतं’ आलं तर एस लावा, ‘असेल’ आलं तर नको.

पायरी २: ‘केलं’ तयार करा

इथे फार थांबायला नको. पासे कोंपोजेसाठी, म्हणजे ‘मी केलं’वाल्या भूतकाळासाठी, जी भूतकाळी रूपं शिकलात तीच इथे चालतात. नियमित क्रियापदं तीन साच्यांत बसतात: पार्ले (बोलणे) याचं पार्लेच, फक्त लिहिताना शेवटचा आर जाऊन ई वर तिरका स्वरचिन्ह येतो, फिनीर (संपवणे) याचं फिनी, व्हाँद्र (विकणे) याचं व्हाँद्यू. अनियमितांपैकी रोज लागणारी एवढी: फेर–फे (करणे), दीर–दी (सांगणे), प्राँद्र–प्री (घेणे), मेत्र–मी (ठेवणे), व्ह्वार–व्ह्यू (पाहणे), साव्ह्वार–स्यू (माहीत असणे), पुव्ह्वार–प्यू (शकणे), दव्ह्वार–द्यू (करायला हवं असणे).

झालं. झोरे फे: मी केलं असतं. नू-जोरियों प्री: आम्ही घेतलं असतं.

पायरी ३: आव्ह्वार की एत्र?

पाठ्यपुस्तकं इथे साधारण सतरा क्रियापदांची यादी देतात: जाणे, येणे, पोचणे, निघणे, आत जाणे, बाहेर पडणे, चढणे, उतरणे, पडणे, राहणे, जन्मणे, मरणे, परतणे, होणे वगैरे. ही एत्र घेतात, बाकी जवळजवळ सगळी आव्ह्वार. यादी घोकण्याआधी एक मराठी चाचणी करून बघा. वाक्याचा कर्ता ‘ती’ धरा आणि भूतकाळ म्हणा. ‘तिने’ आलं तर आव्ह्वार: तिने पाहिलं, तिने घेतलं, तिने उघडलं. नुसतं ‘ती’ आलं तर थांबा आणि यादी तपासा: ती गेली, ती पडली, ती पोचली ही एत्रची.

‘थांबा’ म्हटलं ते मुद्दाम. ती झोपली, ती हसली, ती धावली, ती बोलली, ती विसरली यांतही ‘ने’ नाही, पण फ्रेंचमध्ये ही सगळी आव्ह्वारकडे जातात. म्हणजे ‘तिने’वर भरवसा ठेवा, ‘ती’वर नको.

‘तिने’लाही एक अपवाद आहे. ज्या क्रियापदांना ‘स’ चिकटतो, म्हणजे क्रिया कर्त्याच्या स्वतःवरच होते, ती कायम एत्र घेतात. ‘ती उठली असती’ हे एल स सरे लव्हे, इथवर ठीक. पण ‘तिने शॉवर घेतला असता’ हेही एल स सरे दूशे. मराठी ‘ने’ लावते म्हणून इथे ओरे म्हणू नका.

यादीतली काही क्रियापदं मात्र दोन्ही दगडांवर पाय ठेवतात, आणि तिथे मराठी फारच छान मदत करते. देसाँद्र म्हणजे उतरणे. ‘ती उतरली असती’ हे एल सरे देसाँद्यू. पण ‘तिने बॅग खाली उतरवली असती’ म्हणायचं तर एल ओरे देसाँद्यू ला व्हालीज. आपल्याकडे ‘उतरणे’चं ‘उतरवणे’ झालं की ‘ती’ची ‘तिने’ होते. फ्रेंचमध्ये क्रियापद तेच राहतं आणि सहायक बदलतो. चढणे–चढवणे (मोंते) आणि बाहेर पडणे–बाहेर काढणे (सोर्तीर) यांचंही तसंच.

पायरी ४: लिंग-वचन जुळवा

इंग्रजीतून येणाऱ्यांना ही पायरी छळते. आपण तर जन्मापासून हेच करतोय: तो आला असता, ती आली असती, त्या आल्या असत्या.

एत्र असेल तर भूतकाळी रूप कर्त्याप्रमाणे बदलतं. स्त्रीलिंगी असेल तर शेवटी एक ई, अनेकवचनी असेल तर एस. ‘एल सरे व्हन्यू’मधल्या व्हन्यूला जादा ई लागतो; उच्चार बदलत नाही.

आव्ह्वार असेल तर कर्त्याकडे पाहायचं नाही, कर्माकडे पाहायचं. ‘मी पत्र लिहिलं असतं, मी चिठ्ठी लिहिली असती’ हेच आपणही करतो. फरक इतकाच, की फ्रेंच कर्माशी तेव्हाच जुळवून घेतं, जेव्हा कर्म क्रियापदाच्या आधी येतं. झोरे एक्री ला लेत्र: चिठ्ठी क्रियापदानंतर आहे, म्हणून एक्री तसंच. ला लेत्र, झ लोरे एक्रित: चिठ्ठी आधी आली, लेत्र स्त्रीलिंगी, म्हणून एक्रीचं एक्रित. इथे तो ‘त’ ऐकूही येतो. मी हे असं लक्षात ठेवते: फ्रेंच माणसाला कर्म आधी दिसलं असेल, तरच तो त्याचा मान राखतो.

नकार सोपा आहे. मराठीत ‘असतं’चं ‘नसतं’ होतं, म्हणजे नकार सहायकाला चिकटतो. फ्रेंचमध्येही न आणि पा सहायकाच्याच दोन बाजूंना बसतात: झ नोरे पा दी, मी सांगितलं नसतं.

पायरी ५: ‘जर’पाशी मराठी सोडा

आता तो दगा. ‘मला माहीत असतं तर मी आलो नसतो.’ मराठीत दोन्ही बाजूंना ‘असतं’ची रूपं. म्हणून आपला माणूस बिनदिक्कत म्हणतो: सी झोरे स्यू. फ्रेंच शिक्षक कपाळाला हात लावतो. गंमत म्हणजे फ्रान्समधली लहान मुलंही हीच चूक करतात आणि त्यांना एक वाक्य शिकवलं जातं: ले सी नेम पा ले रे. म्हणजे ‘सी’ला ‘रे’ आवडत नाहीत. सी म्हणजे ‘जर’, आणि ‘रे’ म्हणजे आपले ओरे, सरे.

यावर तोडगा असा. फ्रेंच बोलण्याआधी ‘जर’च्या बाजूचं ‘असतं’ मनातल्या मनात ‘होतं’ करा. ‘मला माहीत होतं तर मी आलो नसतो.’ मराठी म्हणून वाक्य बिघडलं, पण फ्रेंचचा सांगाडा मिळाला: सी झाव्हे स्यू, झ न सरे पा व्हन्यू. (झाव्हे हे आव्ह्वारचं अपूर्ण भूतकाळातलं रूप.)

आता मोठं वाक्य घ्या. ‘गाडीला उशीर झाला नसता तर आम्ही बाराच्या आत लियोंला पोचलो असतो.’ आधी बिघडवा: ‘गाडीला उशीर झाला नव्हता तर…’ मग: सी ल त्रँ नाव्हे पा यू द रतार, नू सरियों-जारिव्हे आ लियों आव्हाँ मिदी. पोचणे यादीत आहे म्हणून सरियों, ‘आम्ही’ अनेकवचनी म्हणून आरिव्हेला शेवटी एस.

परिणाम आजचा असेल तर ‘तर’च्या बाजूला साधा कोंदिसियोनेल पुरतो, म्हणजे नुसतं झोरे किंवा झ सरे, पुढे ‘केलं’चा तुकडा नाही. ‘शिकलो असतो तर आज डॉक्टर असतो’ यात शेवटी नुसतं ‘असतो’ आहे, ‘झालो असतो’ नाही, म्हणून झ सरे मेदसँ. आणि ‘सी’चा अर्थ ‘जर’ नसून ‘की नाही’ असेल, तर त्याच्यानंतर ‘रे’ चालतात: ‘त्याने होकार दिला असता की नाही, कोण जाणे’ यात ‘रे’चा तो नियम लागू नाही.

‘जर’ नसतानाही

बोलण्यात हे रूप सगळ्यात जास्त येतं ते टोमण्यात. त्यू ओरे द्यू म ल दीर: तू मला सांगायला हवं होतंस. त्यू ओरे प्यू तेलेफोने: तुला फोन तरी करता आला असता. ही दोन वाक्यं जशीच्या तशी पाठ करा. इथे मराठी कधी ‘असतं’ म्हणते, कधी ‘हवं होतं’, त्यामुळे शब्दाला शब्द लावत बसलात तर फसाल.

दुसरी जागा म्हणजे बातम्या. खातरजमा न झालेली गोष्ट फ्रेंच वर्तमानपत्रं याच रूपात छापतात. ल मिनिस्त्र ओरे देमिसियोने. विद्यार्थी वाचतात, ‘मंत्र्यांनी राजीनामा दिला असता’, आणि पुढच्या ओळीत ‘पण का दिला नाही’ ते शोधत बसतात. ते कारण तिथे नसतंच, कारण बातमी एवढीच आहे: मंत्र्यांनी राजीनामा दिल्याचं समजतं.