रणगाड्याला पाय बसवताना

रणगाड्याच्या किटला, म्हणजे सुटे भाग जोडून बनवायच्या प्लॅस्टिक मॉडेलला, यंत्रमानवाचे पाय चिकटवले की विज्ञानकथेतले युद्धवाहन तयार झाले, असा पुष्कळांचा समज असतो, आणि म्हणूनच अशी बरीच मॉडेल्स लांबून ऐटदार व जवळून अपघातग्रस्त दिसतात. मी आजवर अशी दहा-बारा वाहने बांधली आहेत आणि त्यांतली पहिली तीन आता केवळ सुट्या भागांच्या डब्यात शिल्लक आहेत. त्या तिघांनी शिकवलेली गोष्ट एकच होती: बुरुजाचे (तोफ बसवलेल्या वरच्या फिरत्या भागाचे) आणि कवचाचे ओझे कोणत्या वाटेने जमिनीपर्यंत उतरते, हे पाहणाऱ्याला न सांगता कळले पाहिजे. ही वाट नेमकी खुब्याच्या सांध्यात, म्हणजे धड आणि पाय जिथे भेटतात तिथे तुटते. त्यामुळे या लेखाचा मोठा भाग त्या सांध्यावर खर्च होणार आहे. भाग कापणे, घासणे, धुणे, या गोष्टी वाचकाला येतात असे मी धरून चालतो.

नमुन्यासाठी 1:35 प्रमाणातला, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढा, सोव्हिएत टी-34/85 रणगाडा घ्यावा. हे प्रमाण कुणी शास्त्र पाहून ठरवलेले नाही. जपानी तामिया कंपनीने 1960च्या दशकाच्या आरंभी काढलेल्या पँथर रणगाड्यात मोटर आणि बॅटऱ्या मावायला हव्या होत्या, त्या मापाचा हिशेब नंतर साधारण 1:35 निघाला आणि तेच रूढ झाले. मात्र आज याच प्रमाणात सर्वाधिक रणगाडे आणि सैनिक मिळतात, म्हणून इथे दुसरा विचार करण्याचे कारण नाही. टी-34 निवडण्याचे कारण वेगळे आहे. त्याच्या चाकांच्या मोठ्या स्प्रिंगा धडाच्या आत असतात. चाके आणि त्यांचे दांडे काढून टाकले की बाहेर सपाट, उभी बाजू उरते आणि पाय बसवायला स्वच्छ जागा मिळते. पायांसाठी यंत्रमानवाच्या किटमधल्या मांड्या आणि खोदयंत्राच्या किटमधले हायड्रॉलिक दांडे वापरावेत.

कात्री लावण्याआधी कागदावर एक हिशेब करावा, आणि तो टाळणाऱ्याने पुढचे वाचण्याचे कष्ट घेऊ नयेत. खरा टी-34/85 सुमारे 32 टनांचा होता. त्याचे साखळीपट्टे 500 मिमी रुंद होते आणि प्रत्येक पट्टा सुमारे 3.85 मीटर लांबीपर्यंत जमिनीला टेकत असे. म्हणजे हे सगळे वजन जवळपास 3.85 चौरस मीटर जागेवर पसरत होते. तेवढाच दाब चार पायांनी द्यायचा, तर प्रत्येक तळव्याच्या वाट्याला जवळपास 0.96 चौरस मीटर येते. गोल तळवा धरला, तर त्याचा व्यास 1.1 मीटर, म्हणजे मॉडेलवर सुमारे 32 मिमी होतो. एक पाय उचललेला दाखवायचा असेल, तर उरलेल्या तिघांवर भार येतो आणि तळवा 36 ते 37 मिमीचा लागतो. आता बाजारातल्या यंत्रमानवाचे पाऊल मोजून पाहावे; ते बहुधा याच्या निम्मेही भरत नाही. हा निव्वळ कल्पनेतला काटेकोरपणा नव्हे. रशियात 1915 साली लेबेदेन्कोचे प्रचंड युद्धवाहन चाचणीला उतरले, तेव्हा त्याची पुढची चाके सुमारे 9 मीटर व्यासाची होती, पण मागची लहान चाके मऊ जमिनीत रुतली आणि वाहन तिथेच अडकले. डोळ्याला ही चूक मॉडेलमध्येही खुपते, फक्त काय खुपते आहे ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही. म्हणून किटमधली पावले टाकून द्यावीत आणि तळवे प्लॅस्टिक शीटचे कापून घ्यावेत, तेही चारऐवजी पाच.

धडावरचे निरुपयोगी भाग याच वेळी काढावेत. साखळीपट्टे गेले म्हणजे मागच्या दातेरी चाकाला काम उरत नाही, तेव्हा त्याच्या गिअरपेटीचा फुगवटा कापून तिथे चपटे झाकण बसवावे.

आता खुबा. सांधे हलते ठेवावेत म्हणजे मागाहून पवित्रा बदलता येतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो खेळण्यासाठी ठीक आहे, मॉडेलसाठी नाही. यंत्रमानवाच्या सांध्यांतल्या मऊ टोप्या पॉलिथिलीनच्या असतात. त्यांना ना चिकटद्रव्य धरते ना रंग. त्या सांध्यावर रणगाड्याचे धड ठेवले की दोन-चार आठवड्यांत गुडघे बसतात आणि तोफेची नळी टेबल हुंगू लागते. दुसरा लोकप्रिय सल्ला सुपरग्लूचा. सुपरग्लू ताण सहन करतो, पण बाजूने आलेला झटका सहन करत नाही. माझे पहिले वाहन रात्री चार पायांवर दिमाखात उभे होते आणि सकाळी पोटावर पडलेले सापडले. चारही खुबे काचेसारखे स्वच्छ तुटले होते, आणि खाली पडताना बुरुजाची नळी मोडली ती वेगळीच.

पद्धत अशी आहे. धडाचा वरचा भाग अजून चिकटवू नये. चाकांच्या दांड्यांची भोके शीटने बुजवावीत आणि उभ्या बाजूंना आतून 2 मिमी जाडीच्या शीटचे अस्तर द्यावे, कारण किटचे प्लॅस्टिक एकटे हा भार पेलत नाही. पहिल्या आणि पाचव्या चाकाच्या जागी आडव्या भिंती घालाव्यात. त्या दोन ठिकाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे आरपार 4 मिमीचे भोक पाडून त्यातून पितळी नळी घालावी आणि नळीतून 3 मिमीची पितळी सळई न्यावी. सळईची दोन्ही टोके मांड्यांमध्ये किमान 8 मिमी शिरली पाहिजेत. एकाच सळईवर मांडी फिरू शकते, म्हणून शेजारी 1 मिमीची दुसरी खीळ ठोकावी. ही छोटी खीळ मी एकदाच वगळली आणि परत कधी वगळली नाही. चिकटवण्यासाठी दोन भाग मिसळायचे सावकाश सुकणारे इपॉक्सी घ्यावे. पाच मिनिटांत सुकणारे नको, कारण सातव्या मिनिटाला एक पाय वाकडा असल्याचे हटकून लक्षात येते.

चार पायांचे टेबल ज्याने घरी दुरुस्त केले आहे, त्याला पुढची अडचण ठाऊक असेल: तीन पाय टेकतात, चौथा लोंबकळतो. मी बराच काळ ही चूक खुब्यात सुधारत बसलो. इपॉक्सी तोडायचे, मांडी किंचित फिरवायची, परत चिकटवायचे, आणि तोवर दुसरा पाय उचललेला. खुब्यात एका अंशाचा फरक पडला की खाली तळव्यापाशी तो मिलिमीटरच्या घरात जातो. ही सुधारणा खुब्यात करायचीच नसते, ती घोट्यात करायची असते. खुबे आणि गुडघे आधी पक्के करून टाकावेत, थोडे चुकले तरी चालतील. मग धड लाकडी ठोकळ्यांवर हव्या त्या उंचीला आणि किंचित पुढे झुकलेले ठेवावे, खाली काच घ्यावी, काचेवर पातळ प्लॅस्टिकचा कागद पसरावा आणि त्यावर चारही तळवे सुटे मांडावेत. घोट्याच्या खोबणीत इपॉक्सी पुट्टीचा गोळा भरून नडगीचे टोक त्यात दाबावे आणि चोवीस तास त्या खोलीत जाऊ नये. ठोकळे काढल्यावर चारही तळवे काचेला सपाट टेकलेले असतात. पुट्टीचा जो ओबडधोबड गोळा दिसतो, त्यावर शीटची चकती किंवा रबरी आवरणाच्या घड्या कोरल्या की तो घोटाच वाटतो.

एक पाय उचललेला असेल, तर चिकटवण्याआधी धड पेन्सिलीवर तोलून त्याचा मध्य शोधावा. हा मध्य उरलेल्या तीन तळव्यांच्या त्रिकोणात पडला पाहिजे. टी-34चा बुरूज पुढे सरकलेला असतो आणि मॉडेलच्या मागच्या भागात इंजिन नसते, त्यामुळे ते नाक खाली घालते. मागच्या पोकळीत लोखंडी नट चिकटवून तोल साधावा. गंमत अशी की 32 टनांना 35च्या घनाने, म्हणजे 42,875ने भागले, तर सुमारे 746 ग्रॅम येतात. प्लॅस्टिकचे मॉडेल एवढे कधीच भरत नाही. त्याचा जडपणा फक्त दाखवायचा असतो.

तो दाखवण्याची जागा पुन्हा खुबाच. धड आणि मांडी यांच्यामधली फट झाकायला वाटेल तसे पाइप, झडपा, डबे चिकटवावेत, हा सल्ला ऐकला की माझा पारा चढतो. फट झाकायची नसते, तिला कारण द्यायचे असते. मांडीभोवती 1.3 मिमी जाडीची, सुमारे 22 मिमी व्यासाची चकती बसवावी. टी-34च्या बाजूचे कवच 45 मिमी होते आणि 1:35मध्ये ते बरोबर एवढेच भरते, म्हणून ती चकती त्याच कारखान्यातून आल्यासारखी वाटते. तिच्यावर षट्कोनी कांडीचे काप बोल्ट म्हणून समान अंतरावर लावावेत, बारा पुरेत. चकती आणि धड यांच्या कडेला वेल्डिंगची शिवण हवी. इपॉक्सी पुट्टीची दोऱ्याएवढी वळी करून ती कडेला बसवावी आणि ओल्या सुईच्या टोकाने शेजारी-शेजारी दाबत जावे. दाब एकसारखा पडला, तर शिवण यंत्राने घातल्यासारखी दिसते. युद्धकाळातले टी-34 घाईत बनत असत आणि त्यांच्या शिवणी जाड, वेड्यावाकड्या असत, तेव्हा हात थोडा थरथरला तर बरेच.

यंत्रमानवाची मांडी गुळगुळीत असते आणि तिच्यावर नाजूक रेषा कोरलेल्या असतात. शेजारी ओतीव पोलादाचा खरबरीत बुरूज असताना ती उसनी आणलेली दिसते. त्या रेषा बुजवून टाकाव्यात, मग द्रव सिमेंटमध्ये पातळ केलेली पुट्टी ताठ केसांच्या जुन्या ब्रशने टोचत टोचत मांडीवर लावावी आणि सुकल्यावर हलकेच घासावी. ओतीव धातूचा पोत मांडीवर आला की दोन किटमधला भेद निम्म्याहून अधिक मिटतो.

पुढचे काम सोपे आहे. सगळ्यावर करड्या प्रायमरचा एक हात द्यावा, उघड्या पडलेल्या भेगा बुजवाव्यात आणि सोव्हिएत हिरवा रंग एअरब्रशने मारावा. यात एकच धोका आहे: यंत्रमानवाच्या सांध्यांचे भाग पुष्कळदा एबीएस प्लॅस्टिकचे असतात आणि इनॅमलचा थिनर ताणाखाली असलेल्या एबीएसमध्ये मुरला की ते तडकते. वॉशचा, म्हणजे खाचा गडद करायच्या पातळ रंगाचा, ओघळ खुब्यात सोडल्यावर दहा मिनिटांनी आलेला 'टक्' असा आवाज मी विसरलेलो नाही. सांध्यांपाशी पाण्यात मिसळणारे वॉशच वापरावे. चिखलाचाही विचार करावा. साखळीपट्टे नसल्यामुळे धडाच्या बाजूंवर चिखल उडत नाही, तो नडगीपर्यंतच हवा.

माणसांचा विचार विसरू नये. धड दोन मीटर उचलले की तोफ जवळपास चार मीटरवर जाते, आणि टी-34/85ची तोफ खाली जेमतेम 5 अंश झुकत असे. म्हणजे सपाट जमिनीवर सुमारे 46 मीटरच्या आत आलेल्या शत्रूला ती काहीच करू शकत नाही. म्हणून पोटाखाली एक मशीनगन हवी. चालकाचे झाकण पुढच्या उतरत्या कवचावर असल्यामुळे तिथवर चढायला पुढच्या मांडीवर तारेच्या पायऱ्या हव्यात, आणि त्यांच्यातले अंतर 50 मिमी उंचीचा सैनिक शेजारी उभा करून ठरवावे.

शेवटी जमीन. वाहन सपाट फळीवर ठेवले की आतापर्यंत कमावलेले वजन वाया जाते. मातीच्या लगद्यात तळवे 2 ते 3 मिमी रुतवावेत आणि कडेला दबलेल्या मातीचा उंचवटा करावा. उचललेल्या पायाच्या मागे, एका पावलाच्या अंतरावर त्याच मापाचा रिकामा ठसा हवा. लगदा ओला असताना वाहन हातात धरून तो ठसा उमटवू नये, मी त्यात एक घोटा गमावला आहे. सुरुवातीला कापून ठेवलेला पाचवा तळवा त्यासाठीच असतो.