जलकुंभाचा हिशेब: पाणीपुरवठ्याचं काम मोजायचं कसं, सुधारायचं कसं

नागपूरला पाणी येतं पेंच नदीवरच्या नवेगाव खैरी धरणातून आणि कन्हान नदीतून. महापालिकेचे झोन 10 आहेत, पण पाणी झोनच्या हद्दी पाहून वाहत नाही, ते जलकुंभावरून वाहतं. त्यामुळे अख्ख्या शहराच्या गळतीचा एकच टक्का काढला, तर त्याचा जाब कुणाला विचारायचा हेच कळत नाही. मोजणी एका जलकुंभापासून सुरू करा.

आधी त्या जलकुंभाखालची प्रत्येक नळजोडणी गल्लोगल्ली फिरून नोंदवा आणि बिलाच्या यादीत तिच्यापुढे जलकुंभाचा क्रमांक टाका. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढचा सगळा हिशेब अंदाजावर चालतो. मग हद्द तपासा. रात्री 2 वाजता आउटलेटचा, म्हणजे जलकुंभातून पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपाचा, व्हॉल्व्ह बंद करून शेवटच्या घराच्या नळाला दाबमापक लावा. काटा शून्यावर आला नाही, तर शेजारच्या जलकुंभाचं पाणी कुठल्या तरी जुन्या जोडातून आत येतंय. तो जोड सापडेपर्यंत कोणत्याही आकड्यावर विश्वास ठेवू नका. दाब गेला की फुटक्या जोडातून घाण पाणी आत शिरू शकतं, म्हणून चाचणी थोडक्यात आटपा. नंतर टोकाच्या लाइनी धुऊन काढा आणि नळाच्या पाण्यात किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन उरतंय का पाहा.

आउटलेटचा बल्क मीटर (जलकुंभातून सुटणारं सगळं पाणी मोजणारा मोठा मीटर) टाकीवरच पडताळा. टाकीत येणारं पाणी तासभर बंद ठेवा. टाकीचं आतलं क्षेत्रफळ 200 चौरस मीटर असेल आणि पातळी 10 सेंटिमीटर उतरली, तर 20,000 लिटर गेले. मीटरनेही जवळपास तेवढंच दाखवायला हवं.

आता हिशेब. समजा 2,000 जोडण्या आहेत, दिवसाला 22 लाख लिटर सुटतं आणि बिल 15 लाख लिटरचं होतं. तूट 7 लाख लिटर, म्हणजे सुमारे 32 टक्के. केंद्राच्या 2008 च्या सेवा निकषांत ही मर्यादा 20 टक्के आहे. इथे बहुतेक जण लगेच रस्ता खोदायला निघतात. थांबा. रात्री 2 ते 4 चा प्रवाह बघा. तो तासाला 20,000 लिटर आहे असं धरू. त्याच वेळी 50 घरांचे मीटर वाचून सरासरी काढा. जमिनीतल्या आणि गच्चीवरच्या टाक्या रात्रीच भरतात, त्यामुळे हे वाचन सोडलं तर भरणाऱ्या टाक्याच गळती म्हणून मोजल्या जातात. सरासरी ताशी 3 लिटर निघाली, तर वापर 6,000 आणि गळती 14,000. दिवसा दाब कमी असतो आणि त्यामुळे गळतीही कमी होते, म्हणून 24 ऐवजी 20 तासांनी गुणा: 2.8 लाख. उरलेले 4.2 लाख लिटर बंद मीटर, मीटर न वाचता काढलेलं सरासरी बिल, चोरीच्या जोडण्या आणि बिनहिशेबी टँकरमध्ये जातात. म्हणजे मोठं भोक बिलाच्या वहीत आहे. (रात्रीची ही मोजणी 24 तास पुरवठा असलेल्या भागातच जमते.)

गळतीत फुटलेली मोठी लाइन सगळ्यांना दिसते, पण तासाला 20,000 लिटर गेले तरी 4 तासांत दुरुस्त झाली तर नुकसान 80,000 लिटर. फेरुलपाशी (मुख्य लाइनीवरून घराची जोडणी निघते त्या तुकड्यापाशी) तासाला 500 लिटर झिरपणारा जोड महिनाभर राहिला, तर 3.6 लाख लिटर जातात. काळ्या मातीच्या वस्त्यांत उन्हाळ्यात जमीन भेगाळते, पहिल्या पावसात फुगते आणि जोड निखळतात. पाणी बराच काळ वर दिसत नाही. म्हणून तक्रारीची वाट न पाहता रात्रीचा प्रवाह रोज नोंदवा. सलग तीन रात्री वाढला की माणूस पाठवा.

तक्रारींत ‘निकाली’ हा शेरा कोण मारतं ते बघा. दुरुस्ती करणाराच मारत असेल, तर दर आठवड्याला 10 तक्रारदारांना फोन करून विचारा. 30 दिवसांत तीच तक्रार परत आली, तर पहिली निकाली धरू नका. कमी दाबाच्या तक्रारीत आधी आजूबाजूला नळाला थेट लावून पाणी ओढणारे टिल्लू पंप तपासा.

सगळ्यात अवघड भाग माणसांचा. व्हॉल्व्ह पाहणारा, मीटर वाचणारा आणि बिल काढणारा वेगवेगळ्या साहेबांना उत्तर देतात, म्हणून तूट कुणाचीच नसते. जलकुंभामागे एक कनिष्ठ अभियंता ठरवा आणि तिघांचे आकडे त्याच्या एकाच कागदावर आणा: सुटलेलं पाणी, बिल झालेलं पाणी, रात्रीचा प्रवाह, बंद मीटर, परत आलेल्या तक्रारी. सोमवारी अर्धा तास, जलकुंभापाशीच. आकडा वाढला म्हणून पहिल्याच महिन्यात कुणाला झापू नका, नाहीतर पुढच्या महिन्यापासून आकडे गोड येऊ लागतील. आणि मे महिन्याची तुलना मेशीच करा. कूलर सुरू झाले की वापर चढतोच, ती गळती नव्हे.