आई-बाबांना घेऊन अंदमानला: कुठल्या दिवशी काय करायचं, काय गाळायचं

अंदमानच्या तयार सहलींचे कार्यक्रम तिशीतली जोडपी डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असतात. पहाटेचं विमान, उतरल्या-उतरल्या कॉर्बिन्स कोव्हचा किनारा, दुपारी सेल्युलर जेल, संध्याकाळी लाइट अँड साउंड शो, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला बाराटांग बेटाची गाडी. सत्तरीतल्या आईला किंवा बाबांना हे झेपत नाही, आणि झेपत नाही असं ते सांगतही नाहीत. तुमचे पैसे वाया जातील म्हणून गप्प चालत राहतात. त्यामुळे तिकिटं काढायच्या आधीच कार्यक्रम निम्मा करा. सकाळी एक गोष्ट, दुपारी झोप, संध्याकाळी एक गोष्ट. याहून जास्त एका दिवसात बसवू नका.

काळ जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा धरा. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून नैर्ऋत्य मोसमी पाऊस असतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस नि वादळं. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांच्या बोटी रद्द होतात त्या यामुळेच. डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात हवा चांगली असते, पण नाताळच्या गर्दीत बोटीच्या रांगेत तासभर उभं राहावं लागतं. सोबत वयस्कर माणूस असेल तर तो आठवडा टाळलेला बरा.

रात्रींची वाटणी अशी ठेवा: पोर्ट ब्लेअर (आताचं नाव श्री विजयपुरम) दोन, हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप तीन, नील म्हणजे शहीद द्वीप एक, आणि परत पोर्ट ब्लेअर एक. ही शेवटची रात्र गाळायचा मोह होतो, पण ती सोडू नका. वारा वाढला की बोट रद्द होते आणि विमान कुणासाठी थांबत नाही.

उजेडाचा हिशोब

अंदमान मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ मुंबईचंच चालतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य पावणेसहा-सहाला उगवतो आणि पाच ते साडेपाचच्या दरम्यान मावळतो. साडेपाचनंतर किनाऱ्यावर भराभर अंधारतं. मुंबई-पुण्याच्या सवयीने चहा पिऊन पाचला निघालात तर सूर्यास्त गाडीतच होईल. पहाटे पाचला जाग येणाऱ्या आई-वडिलांसाठी मात्र ही वेळ सोयीची असते. सकाळी सहा ते साडेनऊ बाहेर, दहा ते अडीच खोलीवर जेवण आणि आराम, तीन ते साडेपाच पुन्हा बाहेर. दुपारचं ऊन आणि दमट हवा एकत्र आली की तरुणांनाही थकवा येतो. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पाणी आणि क्षार किती घ्यायचे हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून ठेवा.

सेल्युलर जेलला अर्धा दिवस द्या

बहुतेक मराठी आई-वडिलांसाठी अंदमान म्हणजे आधी सेल्युलर जेल, मग समुद्र. म्हणून ते पोचल्याच्या दिवशी उरकू नका. घरून मध्यरात्री निघून चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलून आलेला माणूस त्या दुपारी काही मनापासून पाहू शकत नाही. पहिल्या दिवशी फक्त जेवण आणि झोप. जेल दुसऱ्या दिवशी सकाळी, उघडताच. साप्ताहिक सुट्टी आणि वेळ आदल्या दिवशी हॉटेलात विचारून घ्या.

इमारत तीन मजली आहे आणि वर जायला जिनेच आहेत. 1906 साली पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात शाखांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकरांची कोठडी सर्वांत वरच्या मजल्यावर, अगदी टोकाला आहे. म्हणजे जिने चढून झाल्यावर लांबलचक व्हरांडा चालायचा. गुडघे दुखत असतील तर क्रम असा ठेवा: आधी थेट कोठडी, पाय ताजे असताना आणि गर्दी व्हायच्या आत. प्रत्येक मजल्यावर दोन मिनिटं थांबा. वर पोचल्यावर घाई करू नका, तिथे बराच वेळ बसावंसं वाटणारी माणसं असतात. खाली उतरल्यावर कोलू, फाशीघर आणि चित्रांचं दालन निवांत बघता येतं, ते सगळं जमिनीच्या पातळीवर आहे. जिना अजिबात जमणार नसेल तर ते आधीच मान्य करून खालच्या भागालाच दीड तास द्या.

लाइट अँड साउंड शो त्याच संध्याकाळी ठेवा. हिंदी खेळाचं तिकीट आधी काढा, हंगामात ते संपतं. खुर्च्या उघड्यावर असतात, त्यामुळे डासांचं मलम आणि पाठीला टेकायला छोटी उशी जवळ असू द्या.

रॉस बेट (नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) पाहायचं असेल तर या मुक्कामाला आणखी एक रात्र जोडा. बोट पंधरा-वीस मिनिटांची. बेटावर चढ आहेत, पण धक्क्याजवळ बॅटरीवर चालणारी गाडी मिळते. उतरल्यावर सगळ्यात आधी तिची चौकशी करा. वडाच्या मुळांनी वेढलेले ब्रिटिशकाळातले अवशेष आणि माणसांना न बुजणारी हरणं, एवढं पाहायला दोन तास पुरतात.

बोट, आणि बोट लागणं

पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खाजगी बोटीने साधारण दीड ते अडीच तास. तिकीट सकाळच्या बोटीचं काढा, दुपारनंतर वारा वाढायची शक्यता जास्त. जागा खालच्या मजल्यावर, मध्यभागी किंवा मागच्या बाजूला घ्या. पुढचं टोक आणि वरचा मजला सर्वांत जास्त हलतो. वातानुकूलित बोटीत गारठा असतो, म्हणून शाल हातातल्या पिशवीत ठेवा, बॅगेत नको.

बोट लागू नये म्हणून गोळी निघायच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नसतो. या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो. प्रोस्टेटचा त्रास असलेल्या बाबांची लघवी अडू शकते आणि काही प्रकारच्या काचबिंदूतही त्या चालत नाहीत. म्हणून डॉक्टरांना विचारा आणि घरीच एकदा घेऊन बघा. आलेपाकाच्या वड्या सोबत असू द्या. निघण्यापूर्वी रिकामं पोटही नको आणि पुरी-भाजीही नको. इडली किंवा केळं पुरे.

धक्क्यावरून बोटीत जायच्या फळीचा उतार भरती-ओहोटीप्रमाणे बदलतो. ओहोटीला ती बरीच तिरपी होते आणि ओली असते. बॅगा हमालाकडे द्या, तुमचे दोन्ही हात मोकळे ठेवा, आणि आईच्या पुढे तुम्ही, मागे खलाशी असे चढा.

हॅवलॉक: तीन रात्री कशाला

पहिली संध्याकाळ राधानगरची. धक्क्यापासून किनारा बारा किलोमीटरच्या आसपास आहे. तीनपर्यंत पोचा, झाडांच्या सावलीत टेका आणि ऊन कलल्यावर पाण्यात उतरा. परतीची गाडी जाताना ठरवूनच ठेवा, कारण सूर्यास्तानंतर सगळी गर्दी एकदमच निघते. कोरड्या मऊ वाळूत काठी रुतते आणि तोल जातो. ओल्या, घट्ट वाळूपर्यंत हात धरून न्या, तिथून काठीनेही नीट चालता येतं. पाण्यात लाटेकडे पाठ करून उभं राहू देऊ नका; बाजूने उभं राहायचं, तुम्ही समुद्राच्या बाजूला. गुडघाभर पाणी पुरे. जीवरक्षक असलेल्या भागातच उतरा. खाडीसारखं साचलेलं पाणी दिसतं त्या टोकाकडे जाऊ नका. अंदमानात खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत आणि तिथले इशारेफलक खरे आहेत. संध्याकाळी वाळूतल्या बारीक माश्या पायांना चावतात आणि ती खाज आठवडाभर जात नाही. सूर्यास्ताच्या सुमारास पाय झाकलेले असू द्या.

साडी नेसून पाण्यात जाणं धोक्याचं आहे, लाटेत ती पायांत गुंडाळते. सुती सलवारही भिजून जड होते. सिंथेटिक कुर्ता, लेगिंग्ज आणि मागे पट्टा असलेल्या सँडल, हे आधीच घेऊन ठेवा. तिथे पोचल्यावर आईला तयार करणं अवघड जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एलिफंट बीच. जंगलातून चालत जायची वाट आहे, पण ती चिखलाची आणि मुळांची. वयस्करांनी धक्क्यावरून बोटीनेच जावं. तिथे उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो, हे आधी सांगून ठेवा. पोहता न येणाऱ्यांसाठी क्रम असा: काचेच्या तळाची बोट सर्वांत सोपी. त्यानंतर रिंग धरून, गाइडने ओढत नेलेलं स्नॉर्कलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचं बघणं). हे खरं तर पासष्टीच्या पुढच्यांनाही छान जमतं, पण मास्क चुकला की सगळा विरस होतो.

मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावर तो चिकटून राहिला तर बरोबर बसला. बाबांना जाड मिशा असतील तर तिथून पाणी शिरतं. वरच्या ओठावर व्हॅसलिनचा थर द्या. मास्कच्या आत चष्मा बसत नाही, म्हणून दूरचं कमी दिसत असेल तर नंबरचा मास्क घरूनच घेऊन जा. काढता येणारी कवळी असेल तर ती पाण्यात जायच्या आधी काढून डबीत ठेवा, नळीचा तुकडा दातात धरताना ती सुटते. मग कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्यायचा सराव. तो जमल्याशिवाय गाइडला पुढे नेऊ देऊ नका, तो कितीही घाईत असला तरी. मोतीबिंदूचं ऑपरेशन अलीकडे झालं असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांची परवानगी हवीच.

स्कूबा आणि सी-वॉकचा (हेल्मेट घालून समुद्रतळावर चालण्याचा) आग्रह फार होतो. सी-वॉकमध्ये डोकं कोरडं राहतं, चष्माही चालतो, पण कानावर दाब येतोच. हृदयविकार, दमा, ताब्यात नसलेला बीपी, कानाची जुनी तक्रार, यांपैकी काही असेल तर दोन्ही नाही. स्कूबापूर्वी भरायच्या फॉर्मवर सगळीकडे 'नाही' अशी खूण करायला कुणी सुचवलं तर तिथून निघा. तुम्ही स्वतः स्कूबा करणार असाल तर त्यानंतर निदान अठरा तास विमान नको.

तिसरा दिवस मोकळा ठेवा. सकाळी कालापत्थरचा सूर्योदय, मग नारळपाणी, मग काही नाही. समुद्र खवळल्याने एलिफंट बीच बंद राहिला तर तो याच दिवशी जमतो.

नील आणि भरती-ओहोटी

नीलवर सगळं ओहोटीवर ठरतं. लक्ष्मणपूरजवळचा नैसर्गिक दगडी पूल ओहोटीलाच नीट दिसतो, पण तिथे मृत प्रवाळाच्या खडबडीत, शेवाळलेल्या दगडांवरून चालावं लागतं. घोटा मुरगळायची ही हमखास जागा. गुडघा बदललेल्या माणसाला तिथे नेऊ नका. भरतपूरच्या किनाऱ्यावर काचेच्या बोटीत बसवा, आणि त्यासाठी उलट पाणी भरलेलं असावं लागतं. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात, तो हिशोब इथे लावू नका, तो आपल्या किनाऱ्याचा आहे. पोर्ट ब्लेअरचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर उतरवून घ्या. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला पाणी सर्वांत मागे जातं, अष्टमीच्या भांगेला, म्हणजे सर्वांत कमी भरती-ओहोटीला, फारसं हलत नाही.

बाराटांग गाळा. पहाटे तीनला निघायचं, जिरकाटांगला ताफ्यासाठी थांबायचं, जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून न थांबता जायचं, मग बोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत चढउताराची वाट, आणि तेवढंच परत. वाटेत स्वच्छतागृहांची सोय तुटपुंजी. त्याऐवजी पोर्ट ब्लेअरच्या शेवटच्या संध्याकाळी चिडिया टापूला जा: दीड तासाच्या आत पोचता येतं, गाडी जवळपर्यंत जाते, सूर्यास्त बसून बघता येतो.

औषधं दुप्पट घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. बोटीत बॅग वेगळी ठेवावी लागते. हॅवलॉक-नीलला सरकारी आरोग्य केंद्रं आहेत, पण मोठं रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच. छातीत दुखलं तर रात्री बोट नसते, हे लक्षात घेऊन हृदयरोग्याची तपासणी निघण्याच्या महिनाभर आधी करा. विमानतळावरच्या व्हीलचेअरची नोंद विमान कंपनीकडे किमान 48 तास आधी करा. बॅग भरताना आईने गोळा केलेले शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे किनाऱ्यावरच ठेवायला सांगा. ते नेणं गुन्हा आहे, विमानतळावर तपासणीत काढून घेतात आणि नंतरचा तास चौकशीत जातो. तसाच शंख हवा असेल तर सरकारी दुकानातून घ्या आणि पावती वरच्या कप्प्यात ठेवा.