तापलेल्या रेंजवर स्कोपचं मॅग्निफिकेशन उतरवा

एफ-क्लास नेमबाजीत (रायफल टेकवून लांब पल्ल्यावर केलेली नेमबाजी) 1000 यार्डांवर (सुमारे 914 मीटर) टार्गेट मोठं दिसावं म्हणून स्कोप (रायफलवरची दुर्बीण) 40 पटीवर नेण्याचा मोह होतो. सकाळी चालून जातं. ऊन चढलं, जमीन तापली की मिराज (तापलेल्या हवेच्या लहरी) सुरू होतो आणि टार्गेटच्या कडा उकळत्या पाण्यासारख्या हलू लागतात. अशा वेळी सरळ 20-25 पटीवर या. हवेमुळे टार्गेट जितकं सरकलेलं दिसतं, तितकं ते कोणत्याही पटीवर सरकलेलंच असतं. फक्त थरथर डोळ्याला कमी जाणवते. शिवाय प्रकाश वाढतो: 56 मिमी काचेतून 40 पटीला डोळ्यापर्यंत जेमतेम 1.4 मिमीचा झोत येतो, 20 पटीला 2.8.

मिराजला निव्वळ शत्रू समजू नका. लहरी ज्या दिशेला वाहतात, तिकडेच वारा जातोय आणि टार्गेटही तिकडेच सरकलेलं दिसतं. लहरी सरळ वर उठू लागल्या तर टार्गेट उंच दिसतं आणि वारा कुठल्याही क्षणी फिरू शकतो. तेव्हा ट्रिगर न दाबलेलाच बरा. लहरी नीट वाचायच्या तर स्पॉटिंग स्कोपचा (टार्गेट न्याहाळायच्या वेगळ्या दुर्बिणीचा) फोकस टार्गेटच्या थोडा अलीकडे आणा.

आणि हो, निम्मा त्रास कधीकधी आपल्याच तापलेल्या बॅरलचा असतो. त्यावर मिराज-पट्टी (बॅरलची गरम हवा स्कोपसमोर येऊ न देणारी पट्टी) ताणून लावा.