लग्नाच्या पार्टीसाठी बिअर आणि वाइन किती घ्यायची? हिशोब असा मांडा

इंटरनेटवर शोधलं तर एक सोपं सूत्र मिळतं: दर पाहुण्यामागे दर तासाला एक पेय. ३०० पाहुणे, तीन तासांची पार्टी, म्हणजे ९०० पेयं. मुंबईतल्या मराठी लग्नात या सूत्रावर खरेदी केली तर निम्म्याहून जास्त बाटल्या घरी परत येतात. आपल्या यादीत शेजारच्या काकू असतात, ऑफिसातले साहेब असतात, गावाहून आलेले माळकरी आजोबा असतात आणि गुरुवार पाळणारे मित्रही असतात. आपल्याकडे हिशोब डोक्यांवर चालत नाही, नावांवर चालतो. यादी घेऊन एक संध्याकाळ नीट बसलं तर आकडा बराच अचूक निघतो.

पायरी १: कोणत्या कार्यक्रमात प्यायला ठेवणार ते ठरवा

दादर-पार्ल्याच्या बहुतेक मंगल कार्यालयांत मद्य चालत नाही, आणि मुहूर्ताच्या दिवशी ते कुणाला नकोही असतं. त्यामुळे प्रश्न येतो तो आदल्या रात्रीच्या हळदीचा, कॉकटेल पार्टीचा किंवा संध्याकाळच्या रिसेप्शनचा. कोळीवाड्यातली हळद, मढ किंवा कर्जतच्या रिसॉर्टवरची पार्टी आणि वसई-उत्तनकडचं ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक समाजाचं) रिसेप्शन यांचे हिशोब एकमेकांशी जुळत नाहीत. हळदीला नाच असतो, माणसं उशिरापर्यंत थांबतात आणि बिअर जास्त लागते. ईस्ट इंडियन किंवा कॅथलिक रिसेप्शनला टोस्ट असतो, म्हणजे नवरा-नवरीसाठी सगळे एकत्र ग्लास उंचावतात, म्हणून न पिणाऱ्याच्या हातातही घोटभर वाइनचा ग्लास द्यावा लागतो.

वेळही आत्ताच पक्की करा. उघड्यावरचे लाउडस्पीकर एरवी रात्री १० वाजता बंद करावे लागतात, आणि गाणी थांबली की निम्मी गर्दी जेवणाकडे वळते. विरार, कल्याण, पनवेलकडचे पाहुणे तर त्याआधीच लोकलच्या वेळा बघायला लागतात. म्हणून पत्रिकेत ‘सायंकाळी ७ पासून’ छापलेलं असलं तरी खऱ्या पिण्याचे तास साडेसात ते साडेदहा, म्हणजे तीनच धरा. सगळ्यांच्या मुक्कामाची सोय असेल तर मात्र पाच तास धरा.

पायरी २: यादीतल्या प्रत्येक नावापुढे खूण करा

या कामाला दोन्ही घरचा एकेक माहीतगार माणूस लागतो. बहुतेक घरांत तो मामा किंवा मोठा चुलतभाऊ असतो. प्रत्येक नावापुढे तीनपैकी एक खूण करायची: नक्की घेणारा, आग्रह केला तर घेणारा, न घेणारा. घेणाऱ्यांच्या नावापुढे बिअर, वाइन किंवा व्हिस्की-रम असं लिहायचं. बायकांच्या नावांवरून घाईने पुढे जाऊ नका. आता वाइन घेणाऱ्या मावश्या, वहिन्या आणि मैत्रिणी बऱ्याच असतात, आणि त्यांना न मोजल्यामुळेच पार्टीत वाइन आधी संपते.

मग कॅलेंडर उघडा. इंटरनेटवरचं सूत्र आपल्याकडे सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. ‘आज माझा वार आहे’ म्हणणारे किती निघतील ते तारखेवर ठरतं. मार्गशीर्षातला गुरुवार असेल तर अर्धी यादी कोरडी धरायला हरकत नाही. संकष्टी, एकादशी, मंगळवार आणि शनिवारही काही घरांत कडक पाळले जातात. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि मार्गशीर्षही त्याच सुमारास येतो, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरच्या लग्नांना हे तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये.

ड्राय डे त्याच वेळी बघून घ्या. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर सर्वांना माहीत असतात. निवडणूक असेल तर मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत त्या भागात विक्री आणि वाटप दोन्ही बंद असतं. स्थानिक निवडणुकीची तारीख जाहीर झाली की लगेच आपल्या तारखेशी ताडून बघा.

पायरी ३: ग्लास मोजा, मग बाटल्या

माझं मोजमाप असं आहे. नक्की घेणारा माणूस पहिल्या तासाला दोन ग्लास बिअर घेतो आणि पुढच्या प्रत्येक तासाला एक. तीन तासांचे चार ग्लास झाले. वाइन घेणारा तीन ग्लासांवर थांबतो. आग्रहाने घेणाऱ्याचा एकच ग्लास धरायचा.

मोठी बिअरची बाटली ६५० मिलिलिटरची, म्हणजे दोन ग्लास. एका क्रेटमध्ये अशा १२ बाटल्या. वाइनची बाटली ७५० मिलिलिटरची, १५० मिलिलिटरच्या हिशोबाने पाच ग्लास. टोस्टसाठी ७५ मिलिलिटरच ओतायची, म्हणजे एका बाटलीत दहा जणांचं होतं. व्हिस्कीच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत ६० मिलिलिटरचे १२ पेग निघतात.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. मे महिन्यातली तीन तासांची पार्टी, यादीत ३०० नावं. खुणा करून झाल्यावर १६० न घेणारे निघाले, ६० आग्रहाने घेणारे आणि ८० नक्की घेणारे. त्या ८० पैकी ४५ बिअरवाले, १० वाइनवाले, २५ व्हिस्की-रमवाले.

बिअर: ४५ जणांचे चार-चार, म्हणजे १८० ग्लास. आग्रहाने घेणाऱ्यांपैकी निम्मे ३० जण एकेक ग्लास बिअर घेतील. शिवाय मे महिन्यात व्हिस्कीवालेही घामाघूम होऊन आल्यावर आधी एक ग्लास थंड बिअर मागतात, ते २५. एकूण २३५ ग्लास, म्हणजे ११८ बाटल्या. दहा क्रेटमध्ये जेमतेम बसतं, म्हणून ११ क्रेट घ्या.

वाइन: १० जणांचे तीन-तीन आणि उरलेल्या ३० जणांचा एकेक, असे ६० ग्लास, १२ बाटल्या. वर दोन जास्तीच्या धरून १४.

व्हिस्की-रम: २५ जणांचे तीन-तीन पेग, ७५ पेग, सात बाटल्या.

सगळं मिळून सुमारे ३७० पेयं झाली. सुरुवातीच्या सूत्राने ९०० सांगितली होती. जास्तीचा साठा शहरात १० टक्के पुरतो, कारण वाइन शॉप जवळ असतं आणि कुणीतरी स्कूटरवर जाऊन एक क्रेट आणू शकतो. मनोरी, उत्तन किंवा कर्जतच्या आतल्या लॉनवर कार्यक्रम असेल तर २० टक्के धरा. डिसेंबर-जानेवारीत बिअरचा आकडा थोडा खाली आणि व्हिस्की-रमचा थोडा वर न्या.

पायरी ४: माइल्ड की स्ट्राँग

याकडे बहुतेक यजमान लक्ष देत नाहीत, आणि पार्टी बिघडते ती इथेच. माइल्ड बिअरमध्ये साधारण ५ टक्के अल्कोहोल असतं, स्ट्राँगमध्ये ८ टक्क्यांपर्यंत. स्ट्राँगच्या एका मोठ्या बाटलीत ५२ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल जातं. व्हिस्कीच्या ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये ते सुमारे २६ मिलिलिटर असतं. म्हणजे ‘बिअरच तर आहे’ म्हणत दोन स्ट्राँग बाटल्या घेणाऱ्याने चार मोठे पेग घेतलेले असतात. पैसे मोजायचे नाहीत आणि ओतणारा नात्यातला, अशा ठिकाणी हे कुणाच्या ध्यानात राहत नाही.

मी तीन भाग माइल्ड आणि एक भाग स्ट्राँग असं प्रमाण ठेवायला सांगते. स्ट्राँगच मागणाऱ्यांची संख्या मोठी असेल तर त्यांच्यासाठी दोनऐवजी माणशी दीड बाटली धरा. बाटली हातात देऊ नका, ग्लासात ओतून द्या. बाटली दिली की अर्धी गरम होते, तशीच खुर्चीखाली राहते आणि माणूस नवीन मागतो. ग्लासात ओतून दिलं तर तेवढ्याच लोकांना बिअर कमी लागते.

पायरी ५: वाइन कोणती

मुंबईच्या उकाड्यात थंडगार पांढरी वाइन रेडपेक्षा जास्त जाते. १४ बाटल्यांत ९ पांढऱ्या आणि ५ रेड असं साधारण प्रमाण ठेवा. नाशिकची शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन किंचित गोडसर लागते, म्हणून पहिल्यांदा घेणाऱ्यांनाही आवडते आणि सुरमई फ्राय, कोळंबीबरोबर जुळते. मटण असेल तर शिराझ ही रेड. सुला, यॉर्क या नाशिकच्या आणि अकलूजकडची फ्रातेली या वाइन मुंबईत सहज मिळतात. आयात केलेल्या वाइनवर लग्नात पैसे घालवू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. प्लास्टिकच्या ग्लासात, ढोलाच्या आवाजात त्यातला फरक कुणाला कळत नाही. एक बाटली रिकामी झाली की मगच दुसरी उघडायची. उघडलेली वाइन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उतरते आणि सीलबंद राहते ती परत देता येते किंवा ठेवता येते.

पायरी ६: परवाना, परमिट आणि वय

घरच्या कार्यासाठी कशाला परवाना, असं म्हणू नका. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, आणि समारंभात मद्य वाढायचं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा परवाना घ्यावा लागतो. अर्ज ऑनलाइन करता येतो. आठवडाभर आधी करा. बँक्वेट हॉलकडे स्वतःचा परवाना असेल तर बाहेरच्या बाटल्या चालतात का आणि कॉर्केज, म्हणजे बाहेरची बाटली उघडण्याचे हॉलचे पैसे, किती, हे लेखी घ्या. कॉर्केज जास्त असेल तर त्यांच्याकडूनच घेणं स्वस्त पडतं.

माल इथल्याच परवानाधारक दुकानातून घ्या आणि बिल कार्यक्रमाच्या जागी ठेवा. गोवा किंवा दमणहून स्वस्तात पेट्या आणायचा सल्ला कुणीतरी नक्की देईल. परवानगीशिवाय तो माल महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे आणि आदल्या रात्री गाडी अडली तर लग्नघरात काय होईल, याचा विचार करा. सौम्य बिअर आणि वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं आहे, व्हिस्की-रमसाठी २५. नवऱ्या मुलाच्या कॉलेजातल्या धाकट्या मित्रांना काउंटरवर कोण अडवणार, हे आधी ठरलेलं असू द्या.

पायरी ७: बर्फ, पाणी आणि घरी जायची सोय

गरम बिअर म्हणजे वाया गेलेले पैसे. थंड करण्यासाठी दर बाटलीमागे अर्धा किलो बर्फ धरा. ११ क्रेटना साधारण ६५ किलो लागेल. टबात नुसता बर्फ घालू नका, पाणीही घाला. नुसत्या बर्फात बाटलीभोवती हवा राहते, बर्फाच्या पाण्यात बाटली सगळीकडून गार होते. ग्लासात टाकायचा बर्फ वेगळा आणि खाण्यायोग्यच आणा. निळसर दिसणारी लादी खाण्याची नसते. ती ओळखू यावी म्हणूनच तिला रंग देतात.

१६० न घेणाऱ्यांची बडदास्त घेणाऱ्यांइतकीच ठेवा: कोकम सरबत, लिंबू सोडा, थंड पाणी. घेणाऱ्यांनाही माणशी निदान लिटरभर पाणी लागतं. चखण्यात नुसते खारे शेंगदाणे नकोत, पोटाला आधार देणारं काहीतरी पहिल्या तासातच फिरवा. जेवण साडेनऊला उघडा.

गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. दोन ग्लासांत ती ओलांडली जाऊ शकते. म्हणून जवळच्या रेल्वे स्टेशनपर्यंत एक मिनीबस ठरवा. एक-दोन क्रेट कमी घ्या, पण बस रद्द करू नका.

पायरी ८: परतीचं बोलणं आधीच करा

काही दुकानदार न उघडलेल्या बाटल्या परत घेतात, पण ते पैसे देण्याआधी ठरवायचं आणि बिलावर लिहून घ्यायचं. बर्फाच्या पाण्यात भिजून लेबल सुटलेली बाटली कुणी परत घेत नाही. म्हणून सुरुवातीला सहाच क्रेट टबात उतरवा, बाकीचे कोरड्या खोलीत कुलपात ठेवा आणि किल्ली न पिणाऱ्या एखाद्या काकांकडे द्या. टब निम्मा झाला की पुढचे दोन क्रेट. दुसऱ्या दिवशी लग्नाच्या गडबडीत कुणाला वेळ नसतो, म्हणून रिकामे क्रेट आणि उरलेला माल कोण नेऊन देणार त्याचं नाव आदल्या दिवशीच कागदावर लिहा. परत न जाणाऱ्या बाटल्या परमिट (मद्य बाळगण्या-पिण्याचा वैयक्तिक परवाना) असलेल्या माणसाच्याच घरी जाऊ द्या, आणि बिअर असेल तर लेबलवरची मुदत बघून आधी तीच संपवा.