परसात मधपेटी, घरात लहान मुलं: या चुका टाळा

मी लोकांना मधमाश्यांच्या पेट्या देते, म्हणून दिवाळीनंतर थंडी पडली की मला फोन सुरू होतात. "ताई, मुलांसाठी एक मधपेटी ठेवायची आहे परसात." पेटी मुलांसाठी हवी म्हटलं की मी सावध होते. घरातल्या एका तरी मोठ्या माणसाला माश्यांचं वेड असावं, पेटी त्याची असावी आणि मुलांनी बाजूने बघावं. उलट्या क्रमाने आणलेल्या पेट्या पावसाळ्याआधीच रिकाम्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

नुसत्या मधमाश्या दाखवायच्या असतील तर मुलांना घेऊन महाबळेश्वर तालुक्यातल्या मांघरला जा. मे २०२२ मध्ये ते देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. तिथले लोक पेटी उघडून दाखवतील, मध चाखायला देतील आणि संध्याकाळी तुम्ही घरी. त्यानंतरही वेड उतरलं नाही तर पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत जाऊन नीट शिका. १९६२ पासून ती संस्था हेच काम करते आहे. मोबाईलवर उघड्या हातांनी पेटीतल्या पोळ्यांच्या चौकटी उचलणारे पुरुष बघून शिकू नका. त्यांचे सुजलेले हात व्हिडिओत येत नाहीत.

आपल्याकडे घरगुती पेटीत बहुतेक सातेरी ही देशी माशी असते, म्हणून पुढचं सगळं तिच्याबद्दल आहे.

"एका दिवसापुरती पेटी हलवू"

या चुकीचा मला सगळ्यात जास्त वैताग आहे, कारण ती करणारी माणसं हुशार असतात.

वाईजवळच्या एका घरी मुलाचा पाचवा वाढदिवस होता. पेटी परसातल्या पेरूखाली, आणि मांडव घालायचा तोही तिथेच. मुलाच्या वडिलांनी आणि मामांनी सकाळी दहाच्या सुमारास पेटी उचलली आणि अलगद गच्चीवर नेऊन ठेवली. चांगलं ऊन पडलेलं, म्हणजे चरणाऱ्या माश्या केव्हाच बाहेर गेलेल्या. माशीच्या लक्षात पेटी नसते, जागा असते. पेरू, कुंपण, घराचा कोपरा या खुणांवर ती परत येते. पेटी वीस फुटांवर गच्चीत दिसत असली तरी तिच्या दृष्टीने घर नाहीसं झालेलं असतं.

तर त्या माश्या परत आल्या, आणि घराच्या जागी टेबल. टेबलावर जिलेबी आणि सरबत. त्या नुसत्या घोंघावत होत्या, कोणाला चावत नव्हत्या. मग एका काकांनी टॉवेल झाडायला सुरुवात केली. दोन-चार माश्या चिरडल्या आणि पिकल्या केळ्यासारखा वास सुटला. माशी डंख मारते किंवा चिरडली जाते तेव्हा धोक्याचा गंध सोडते, आणि त्याने बाकीच्या खवळतात. मग मुलांची रडारड, आज्यांचा आरडाओरडा आणि मला फोन.

मी एवढंच सांगितलं: पेटी होती तिथे आणून ठेवा आणि वाढदिवस गच्चीवर न्या. मामांना ते पटेना, मांडवाचे पैसे दिले होते ना! शेवटी आणली. तासाभरात माश्या आत गेल्या. केक गच्चीवर कापला, थोडा वितळलेला.

पेटी खरोखरच हलवायची असेल तर दोन रस्ते. रोज फूट-दीड फूट सरकवत न्यायची. किंवा अंधार पडल्यावर, सगळ्या माश्या आत असताना, दाराला बारीक जाळी लावून तीनेक किलोमीटर लांब न्यायची, तिथे दोन-तीन आठवडे ठेवायची आणि मग नव्या जागी आणायची. मी स्वतः यातलं काही करत नाही. पेटी ठेवतानाच जागा अशी निवडते की पुढची काही वर्षं तिथे मांडव, पाण्याची टाकी किंवा नवी खोली येणार नाही.

जागेवरून आठवलं. पेटीचं दार मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर नको. दारासमोर चार-पाच फुटांवर पुरुषभर उंचीचं हिरवं शेडनेट उभं करा किंवा मेंदीचं दाट कुंपण वाढवा. बाहेर पडलेली माशी ते ओलांडायला वर चढते आणि मुलांच्या डोक्यांवरून निघून जाते. झोका आणि वाळूचा ढीग घराच्या दुसऱ्या अंगाला. आणि क्रिकेट अजिबात नाही. चेंडू पेटीवर आदळला की आतल्या सगळ्यांना कळतं, आणि चेंडू आणायला जातो तो नेहमी सगळ्यात लहान.

तान्ह्या बाळाला मध

पहिला मध निघाला की घरात सण असतो. वाटी भरते, शेजारी येतात, आणि आजी सोन्याची अंगठी मधात बुडवून बाळाच्या जिभेला लावायला निघतात. एका घरी मी समोरच होते. बाळ चार महिन्यांचं. सूनबाई हळूच नको म्हणाली, तर तीन बाजूंनी तिला एकच उत्तर: "अगं, विकतचा नाही, आपल्या परसातला शुद्ध मध आहे!"

शुद्धतेचा इथे काही संबंध नाही. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू मातीत आणि धुळीत असतात, तिथून ते मधात येऊ शकतात. मोठ्यांच्या पोटात ते निमूट निघून जातात. एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजू शकतात आणि विष तयार करतात. मध उकळून उपयोग नाही, बीजाणू त्याला दाद देत नाहीत. म्हणून बारा महिने पूर्ण होईपर्यंत मध नाही. बोटावर नाही, गुटीत नाही, चोखणीला लावूनही नाही. कोणी आधीच चाटवला असेल आणि बाळाला शौचाला होईनासं झालं, रडणं क्षीण झालं, दूध ओढेना, मान टाकली किंवा पापण्या जड दिसल्या, तर थेट दवाखान्यात न्या आणि मध दिला होता हे न लपवता सांगा. सासूबाईंची लाज राखायची वेळ ती नव्हे.

त्या दिवशी मी आजींना म्हटलं, अंगठी आईच्या दुधात बुडवा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा बोलावणार नाहीत असं वाटलं. पण बुडवली दुधातच. तेव्हापासून मी बाटलीवर जाड पेनाने लिहिते: एक वर्षाखालच्या बाळाला नाही. बाटली तीन घरं फिरते, माझं बोलणं फिरत नाही.

पेटी सारखी उघडणं

पाहुणे आले, उघडली. शाळेचा प्रकल्प आहे, उघडली. राणी दिसते का बघू, उघडली. सातेरी सोशिक असली तरी हट्टी आहे. सारखा त्रास झाला, अन्न कमी पडलं किंवा मुंग्या शिरल्या, तर ती भरलेलं घर सोडून निघून जाते. आत पिलं वाढतात तिथे माश्या चौतीस-पस्तीस अंश उष्णता राखून असतात. झाकण काढलं की तो सगळा खटाटोप वाया.

हंगामात आठ-दहा दिवसांतून एकदा, वारा नसलेल्या स्वच्छ सकाळी, एवढं पुरे. आधी ठरवायचं काय बघायचंय, ते बघायचं आणि बंद करायचं. मी चौकटीचा फोटो काढते आणि नंतर मुलांना ओट्यावर बसवून तो मोठा करून दाखवते. राणी शोधण्याची स्पर्धा फोटोवर जास्त रंगते, माश्याही चिडत नाहीत.

खरं तर लहान मुलांना बघण्यासारखं बाहेरच जास्त असतं. दाराच्या बाजूला, समोर नाही, सात-आठ फुटांवर पाट टाकून बसवा. कुठली माशी पायाला पिवळा पराग लावून येते, कुठली पांढरा, दारात उभं राहून पंखांनी वारा कोण घालतंय, हे मोजण्यात पाच वर्षांचं मूल रमतं. कंटाळा बापाला आधी येतो.

डंख बसल्यावर

लोखंड घासा, चुना लावा, तंबाखू चोळा... हे सगळं शोधेपर्यंत काटा आतच असतो. कामकरी माशीचा काटा त्वचेत अडकतो, त्याबरोबर विषाची पिशवी सुटते आणि माशी गेल्यावरही ती विष ढकलत राहते. म्हणून नखाने खरवडा किंवा चिमटीने ओढा, यावर वाद नको, पहिल्या काही सेकंदांत काढा म्हणजे झालं. मग साबणाने धुवा आणि कापडात गुंडाळलेला बर्फ लावा. दुसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला तर घाबरू नका, तसं होतं. पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, श्वास लागला, उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडलं, तर तो वेगळाच प्रकार आहे. घरचे उपाय बाजूला ठेवून १०८ ला फोन करा किंवा गाडी काढा. सूज नसली तरी लहान मुलाला एका वेळी बरेच डंख बसले असतील तर डॉक्टरांना दाखवाच. पेटी आणण्याआधीच जवळच्या कोणत्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतात, हे विचारून ठेवा. हे विचारल्याशिवाय मी कोणाला पेटी देत नाही, मग कोणी खडूस म्हणो.

मुंग्यांच्या वाट्यांत रॉकेल

पेटीच्या स्टँडचे पाय वाट्यांत ठेवतात, मुंग्या चढू नयेत म्हणून. त्या वाट्यांत काही जण रॉकेल किंवा गाडीचं जळकं तेल ओततात. रांगणाऱ्या मुलाच्या तोंडाच्या उंचीवर रॉकेलच्या चार वाट्या! हे बघून मी एकदा पेटी न देताच परतले. साधं पाणी घाला, त्यावर खाण्याच्या तेलाचे थेंब टाका म्हणजे डासांच्या अळ्या वाढत नाहीत, आणि आठवड्याला बदला.

बाकीच्या, ज्यांवर बोलून माझा घसा बसला

अनवाणी फिरणं. पेटीखाली मेलेल्या माश्या पडतात आणि त्यांचा काटाही टोचतो. काडेपेटीत त्या गोळा करणाऱ्या मुलांना हे सांगा.

पेटीच्या दारात फुंकर मारणं. आपल्या श्वासाने त्या चिडतात.

मोठ्यांची जाळीची टोपी मुलाला घालणं. गळ्यापाशी फट राहते, माशी आत शिरते आणि मग मूल जन्मात पेटीजवळ येत नाही. मापाची मिळेपर्यंत थांबा.

रात्री पेटीजवळ ट्यूबलाइट लावणं. माश्या दिव्यावर येतात आणि तिथून घरात.

पाणी न ठेवणं. मग त्या शेजाऱ्यांच्या नळावर जातात आणि भांडण तुमच्या दारात येतं. पसरट ताटलीत खडे घालून पेटी येण्याच्या दिवसापासून पाणी ठेवा.

"मध कधी?" हे पहिल्याच महिन्यात विचारणं. पहिल्या वर्षी मध माश्यांचा समजा. चौकटीची तीन चतुर्थांश घरं मेणाने बंद झाल्याशिवाय मध काढला तर तो पातळ निघतो आणि आंबतो. पावसाळ्याच्या तोंडावर सगळाच काढून घेणाऱ्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, मुलंही हे वाचतात.

टाकीखाली लागलेलं आग्या मोहोळ "आपल्याच माश्या" समजून मुलांना दाखवायला नेणं. आग्या पेटीत राहत नाही आणि चिडला की थव्याने पाठलाग करतो. दगड मारू नका, पलिता लावू नका, लांबून वळसा घाला. मागे लागल्याच तर पळत घरात जा आणि दार लावा. विहिरीत उडी वगैरे नाही.

आणि इतकं करूनही एका सकाळी पेटी रिकामी दिसली, तर जुनी पोळी त्याच दिवशी काढा, नाहीतर पोळी खाणारा मेणकिडा शिरतो. मेण वितळवून घ्या, पेटी घासून उन्हात वाळवा आणि झाकण बांधून माळ्यावर टाका. परसात उघडी सोडलेली पेटी विंचवांना फार आवडते, आणि माश्या परत आल्या का हे बघायला मुलं तिच्यात हात घालतात.