पहिल्या वर्षाअखेर मल्टिमीडियाचे प्रमाणपत्र मिळवताना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीचे पहिले वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला यूजी सर्टिफिकेट, म्हणजे पदवीस्तरावरचे प्रमाणपत्र, घेता येते. माध्यमकला आणि मल्टिमीडियाच्या विद्यार्थ्यांना ही सोय विशेष उपयोगाची आहे, कारण या क्षेत्रात काम देणारा माणूस गुणपत्रिकेआधी तुमचे काम पाहायला मागतो. मात्र नुसते वर्ष उत्तीर्ण झाल्याने हे प्रमाणपत्र हाती पडत नाही.

दोन सत्रांचे मिळून किमान ४० श्रेयांक (क्रेडिट) झाल्यावर ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप वेगळी पूर्ण करावी लागते. इंटर्नशिपचा एक श्रेयांक ३० तासांचा धरतात, म्हणजे चार श्रेयांकांना १२० तास लागतात. ते उन्हाळी सुट्टीत बसवायचे असतील, तर स्टुडिओ शोधण्याचे काम परीक्षेनंतर नव्हे, दुसरे सत्र सुरू होतानाच हाती घ्यावे आणि ती इंटर्नशिप ग्राह्य धरली जाईल, याची महाविद्यालयाकडून लेखी खात्री करून घ्यावी.

प्रवेशाच्या वेळी व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य) आणि एसईसी (कौशल्यवर्धन) या गटांतील विषय विचारपूर्वक निवडावेत. वेळापत्रकात सोयीचा म्हणून घेतलेला विषय वर्षअखेरीस दाखवण्याजोगे काही देत नाही. ध्वनिसंकलन, वेब डिझाइन किंवा टू-डी अ‍ॅनिमेशन यांतून मात्र हाताला वळण लागते.

श्रेयांकांची नोंद ठेवणाऱ्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे खाते डिजिलॉकरमधून पहिल्याच महिन्यात उघडावे आणि आधार, बारावीची गुणपत्रिका व महाविद्यालयाची नोंद यांतील नाव अक्षरन् अक्षर जुळते का, हे तपासावे. माझ्या एका विद्यार्थिनीच्या नोंदीत वडिलांच्या नावात एक अक्षर कमी होते; तेवढ्यावरून तिचे श्रेयांक खात्यात दिसेनात आणि निम्मा उन्हाळा कार्यालयाच्या खिडकीपाशी गेला.

आता प्रकल्पाविषयी, कारण खरा कस तिथेच लागतो. पाच अर्धवट गोष्टींपेक्षा एकच पूर्ण झालेली, दुसऱ्याच्या फोनवरही चालणारी गोष्ट करावी. उदाहरणार्थ, आपल्या गावच्या आठवडी बाजाराचा नकाशा काढावा आणि एकेका पालावर बोट ठेवताच तिथला आवाज ऐकू येईल, अशी रचना करावी. वेबपानावर परस्परसंवादी चित्रे रचण्याचे पी-फाइव्ह-जेएस आणि त्रिमितीय अ‍ॅनिमेशनचे ब्लेंडर ही दोन्ही साधने विनामूल्य मिळतात. मजकूर मराठीत असेल, तर युनिकोड टंक (फॉन्ट) वापरावा. मुक्त परवान्याचा ‘मुक्त’ हा टंक वाचायला स्वच्छ आहे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये देवनागरीसाठी योग्य मजकूर-इंजिन निवडलेले नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटून पाय मोडलेली दिसतात. असे एक अक्षर पडद्यावर राहिले, तरी मराठी वाचणाऱ्याला ते डोळ्यांत खुपते. म्हणून प्रकल्प सादर करण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या हाती फोन द्यावा, काही समजावून न सांगता शेजारी बसावे आणि बोट कुठे अडते, ते टिपून घ्यावे.

मूळ फाइली, ध्वनिमुद्रणे आणि कच्ची रेखाटने दोन ठिकाणी जपून ठेवावीत. प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत पुन्हा प्रवेश घेता येतो आणि एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते. त्या वेळी खात्यातील श्रेयांक उपयोगी पडतात, तसेच दुसऱ्या वर्षाच्या कामाला हे साहित्यही लागते.